निर्दोष मुक्ततेविरुद्ध पीडितेचे अपील : गोव्यातील प्रक्रिया, कागदपत्रे आणि साक्षीचे मोल

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटला की पुढचे सारे सरकारच्या हाती, असा समज पेडण्यापासून काणकोणपर्यंत आढळतो. तो बरोबर नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातील कलम 413 च्या परंतुकानुसार, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादानुसार (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 372 होते) आरोपीची निर्दोष मुक्तता झाली, तो कमी गंभीर गुन्ह्यातच दोषी ठरला किंवा नुकसानभरपाई अपुरी मिळाली, तर पीडितेला स्वतः अपील करता येते. पालक आणि कायदेशीर वारस यांचाही ‘पीडित’ या व्याख्येत समावेश आहे. शिक्षा कमी झाली एवढ्याच कारणासाठी मात्र हे अपील चालत नाही, ते सरकारने करावयाचे असते. पीडितेला अपिलासाठी आधी उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात स्पष्ट केले.

सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्धचे अपील पर्वरी येथे, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे दाखल होते. या कलमात मुदत लिहिलेली नाही. म्हणून निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा आणि अपील शक्यतो 60 दिवसांच्या आत दाखल करावे, हे शहाणपणाचे. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह जोडावा. महिला आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते, त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

अपिलाच्या अर्जासोबत निकालपत्राची प्रमाणित प्रत आणि वकीलपत्र लागते. वकिलाला मात्र प्रथम खबर अहवाल, दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब, वैद्यकीय व न्यायवैद्यक अहवाल, पंचनामे आणि सर्व साक्षी हे सारे वाचावयास हवे. यातला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे पीडितेची न्यायालयातील साक्ष, कारण उच्च न्यायालय सर्वसाधारणपणे तिला पुन्हा बोलावत नाही, जे कागदावर उतरले तेच वाचते. डिचोली किंवा सत्तरीची मुलगी कोकणी-मराठीत सांगते आणि नोंद बहुधा इंग्रजीत होते. ‘त्यानं मला ओढलं, मी सुटायला बघत होते’ या वाक्यातला दुसरा भाग भाषांतरात गळला, तर प्रतिकार केल्याचे तिचे म्हणणे नोंदीतूनच नाहीसे होते. म्हणून अपील लिहिण्यापूर्वी ही साक्ष वकिलाने पीडितेला तिच्या भाषेत, ओळीमागून ओळ, वाचून दाखवावी. आळस होतो तो नेमका इथेच.

आता न्यायालय ही साक्ष कशी तोलते त्याविषयी. पुरावा कायद्यानुसार कोणतीही गोष्ट सिद्ध करण्यासाठी साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही आणि पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिला दुजोरा हवाच असे नाही, हे 1996 च्या गुरमीत सिंग निकालापासून प्रस्थापित आहे. मात्र 2012 च्या राय संदीप निकालाने अशा एकट्या साक्षीची कसोटीही सांगितली : ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुसंगत हवी, उलटतपासणीत टिकावी आणि इतर पुराव्याशी जुळावी. तपशिलातली किरकोळ तफावत साक्ष मोडत नाही. अंगावर जखम नाही किंवा तक्रार उशिरा दिली, एवढ्यावरून ती खोटीही ठरत नाही. उशिराचे कारण मात्र नोंदीत असावे. पूर्वीचे लैंगिक संबंध संमतीच्या प्रश्नावर गैरलागू आहेत. तरीही निर्दोष मुक्ततेविरुद्धच्या अपिलाची वाट चढणीची असते, कारण सुटलेल्या आरोपीच्या बाजूने निर्दोषत्वाचे गृहीतक अधिक बळकट होते, आणि पुराव्यावरून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील तर उच्च न्यायालय सहसा हस्तक्षेप करत नाही (सर्वोच्च न्यायालयाचा चंद्रप्पा निकाल, 2007). म्हणून ‘निकाल चुकीचा आहे’ असे मोघम लिहिण्यापेक्षा खालच्या न्यायालयाने साक्षीचा कोणता भाग वाचलाच नाही, कोणता अहवाल दुर्लक्षिला किंवा पीडितेने घटनेनंतर कसे वागावे याविषयीचा कोणता पूर्वग्रह धरला, हे परिच्छेद आणि पान क्रमांकासह दाखवावे.

अपील करताना नाव उघड होईल, या भीतीने अनेक कुटुंबे मागे फिरतात. निपुण सक्सेना प्रकरणात (2018) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की अपील करणाऱ्या पीडितेने आपली ओळख उघड करण्याची गरज नाही. त्यामुळे अर्जाच्या शीर्षकात नावाऐवजी अक्षरचिन्ह वापरावे, नाव-पत्ता असलेले कागद बंद लिफाफ्यात द्यावेत आणि जोडपत्रांतल्या पंचनाम्यांवर व वैद्यकीय कागदांवर राहून गेलेले नावही दाखल करण्यापूर्वी तपासून झाकावे.