डायलिथियम हे इंधन नव्हे

‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा मालिकेतलं एंटरप्राइज अवकाशयान डायलिथियम नावाच्या स्फटिकावर चालतं, हा समज कित्येक वर्षं टिकून आहे. मालिका मनापासून आवडते म्हणूनच स्पष्ट सांगतो, डायलिथियम हे इंधन नाही.

इंधन आहे ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, आणि त्याचंच प्रतिद्रव्य, म्हणजे उलट विद्युतभाराच्या कणांचं द्रव्य. दोन्ही भिडले की एकमेकांना संपवतात आणि वस्तुमानाची ऊर्जा होते. स्फटिकाचं काम या भेटीला लगाम घालण्याचं. जुन्या गाड्यांत इंधन आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर असायचा, पण गाडी कार्ब्युरेटर जाळून चालते असं आपण म्हणत नव्हतो, तसंच हे.

घोटाळा होतो तो कथानकामुळे. स्फटिक तडकतो, यान अडकतं, सगळे नव्या स्फटिकाच्या शोधात निघतात. पाहणाऱ्याला वाटणारच की इंधन संपलं. शिवाय १९६६च्या सुरुवातीच्या भागांत नुसता ‘लिथियम’ स्फटिक होता, ‘डायलिथियम’ हे नाव नंतर आलं.

धोका आहे तो प्रतिद्रव्यात, आणि ते काल्पनिक नाही. त्यातला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, १९३२मध्येच सापडला. आज रुग्णालयातल्या पेट स्कॅन (PET) या तपासणीत तो रोज वापरला जातो, अर्थात अतिसूक्ष्म प्रमाणात. पूर्ण १ ग्रॅम प्रतिद्रव्य १ ग्रॅम द्रव्याला भिडलं, तर सुमारे ४३ किलोटन (४३ हजार टन) टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा सुटेल. हिरोशिमावरचा बॉम्ब होता साधारण १५ किलोटनचा.

आणि हो, डायलिथियमही खरोखर आहे! दोन लिथियम अणूंचा तो साधा रेणू लिथियमच्या वाफेत आढळतो. मालिकेतल्या स्फटिकाशी त्याचं नातं फक्त नावापुरतं.