सेडानचा पिकअप: पद्मिनीच्या ४० बीएचपीपासून टर्बोपर्यंत

जुन्या व्हीटेक होंडा सिटीचा मालक आणि आजच्या सिटीचा मालक समोरासमोर आले की वाद ठरलेला. कोणाची गाडी जास्त पळते? कागदावर नवी पुढे आहे. पण किती पुढे, आणि मधल्या वीस-बावीस वर्षांत नक्की झालं काय, हे पाहायला गेलं तर ताकदीचा आलेख सरळ वर चढलेला दिसत नाही. मध्ये तो चक्क खाली आला होता, आणि तोही ठरवून.

त्याआधीचा काळ पटकन सांगून होतो, कारण त्यात फारसं काही बदललंच नाही. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी म्हणजे साठच्या दशकातली फियाट ११००: १०८९ सीसीचं इंजिन, ताकद ४० बीएचपीच्या (म्हणजे अश्वशक्तीच्या) आसपास, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. उत्तरपाड्याच्या ॲम्बॅसेडरला १४८९ सीसीचं ब्रिटिश इंजिन होतं, ताकद साधारण ५०. परवाना पद्धतीत नवीन इंजिन आणायची मुभाही नव्हती आणि निकडही नव्हती. गाडीसाठी गिऱ्हाईकच रांगेत उभं होतं. तेव्हा ० ते १०० किती सेकंदांत, असा प्रश्न कोणी विचारत नसे. खंडाळ्याचा घाट न थांबता चढते का, हा प्रश्न होता. पद्मिनीत उन्हाळ्यात इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप तापून व्हेपर लॉक व्हायचा, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडायचा. मग गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि शिंगरोबाच्या देवळापाशी वाट बघत बसायचं.

ऐंशीच्या दशकात निस्सानचं इंजिन घेऊन प्रीमियर ११८ एनई आली. १९९० मध्ये मारुती १००० आली. ती दिसायला देखणी, पण इंजिन ९७० सीसीचं आणि ताकद ४६ बीएचपी. म्हणजे रूप सेडानचं आणि दम छोट्या गाडीचा. १९९४ ला तिच्याच अंगात १२९८ सीसीचं इंजिन घालून एस्टीम केली तेव्हा कुठे गाडीत जीव आला: ६५ बीएचपी. पुढे कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळं, मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आलं आणि आकडा ८५ वर गेला. एस्टीमचं वजन जेमतेम पावणेनऊशे किलो. हे वजन लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९९८ च्या सुरुवातीला होंडा सिटी आली. १.५ लिटरच्या इंजिनाला १०० च्या आसपास बीएचपी, आणि थोड्याच काळात आलेल्या व्हीटेकला १०६. व्हीटेकची गंमत अशी की कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, दोन तऱ्हेचे उंचवटे असतात. इंजिन सावकाश फिरत असताना व्हॉल्व्ह थोडे उघडतात, पेट्रोल जपून जळतं. फेरे ठरावीक आकड्याच्या वर गेले की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, दुसरा उंच भाग कामाला लागतो आणि व्हॉल्व्ह जास्त वेळ, जास्त उघडे राहतात. आवाज बदलतो, गाडी पुढे झेपावते. ही झेप चालवणाऱ्याला पाठीत जाणवायची आणि त्या गाडीची ख्याती त्यावरच उभी आहे. पण त्यासाठी इंजिन ओरडेपर्यंत रेस द्यायची तयारी हवी.

आणि मग २००३. नवी सिटी आली ती ७७ बीएचपी घेऊन. इंजिन १.५ लिटरचंच, पण प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि दोनच व्हॉल्व्ह. सगळा रोख ॲव्हरेजवर. हौशी मंडळी हळहळली. गिऱ्हाइकांनी मात्र गाडी उचलून धरली. मला वाटतं, होंडाने इथला बाजार अचूक ओळखला होता. त्या इंजिनाचा १२८ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा पीळ, मिनिटाला २७०० फेऱ्यांनाच मिळायचा. शहरातल्या रहदारीत सिग्नलवरून सुटताना कामाला येतो तो हाच, ६००० फेऱ्यांवरचा बीएचपी नव्हे. हौशींसाठी पुढे व्हीटेक परत आणलं, २००८ च्या पिढीत आकडा ११८ पीएसवर गेला आणि २०२० च्या सिटीत १२१ वर.

इथे एक बारकावा. पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती; ती आणि बीएचपी एक नाहीत. १२१ पीएस म्हणजे साधारण ११९ बीएचपी. माहितीपत्रकात मोठा दिसणारा आकडा छापायचा मोह कंपन्यांना होतो, तेव्हा तुलना करताना एकक आधी बघावं. अमेरिकेत १९७२ च्या सुमारास इंजिनची ताकद सगळे जोडभाग लावून मोजायला लागले, तेव्हा इंजिनाला हातही न लावता आकडे खाली आले होते.

आता वजन. २०२० ची सिटी अकराशे किलोच्या घरात, म्हणजे टनामागे जेमतेम १०७ बीएचपी. एमपीएफआय एस्टीमचा हिशोब केला तर टनामागे ९७ च्या आसपास येतो, आणि जुन्या व्हीटेकचा, वजन टनाच्या आसपास धरलं तर, नव्या सिटीच्या अगदी जवळ. जुन्या गाडीचे मालक उगीच छाती फुगवत नाहीत. मधल्या काळात वाढलेली ताकद बरीचशी एअरबॅग, एबीएस, धडकेला टिकणारा सांगाडा आणि रुंद टायर ओढण्यात खर्च झाली. हा सौदा वाईट म्हणता येणार नाही.

खरा फरक टर्बोने, म्हणजे धुराच्या झोतावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याने, केला. रांजणगावच्या फियाट लिनिया टी-जेटने २०१० मध्ये १.४ लिटरमधून २०७ न्यूटन मीटर टॉर्क काढून दाखवला होता, पण ती फारशी खपली नाही. चाकणला बनणारी स्कोडा स्लाव्हिया २०२२ ची. तिच्या एक लिटरच्या तीन सिलिंडर इंजिनाची ताकद ११५ पीएस, म्हणजे सिटीपेक्षा कमीच. पण टॉर्क १७८, आणि तो १७५० फेऱ्यांपासून. सिटीचा १४५, तोही ४३०० ला. बोरघाटात मालट्रकच्या मागे अडकलात की हा फरक कळतो. सिटीत दुसरा गिअर टाकून रेस द्यावी लागते, स्लाव्हिया तिसऱ्यातच निघून जाते. १.५ लिटरच्या स्लाव्हियाचा टॉर्क तर २५०. २०२३ च्या ह्युंदाई व्हर्ना टर्बोची ताकद १६० पीएस आणि कंपनीचा दावा ० ते १०० साठी ८.१ सेकंदांचा.

मात्र या सगळ्या काळात सरकारी कराचा काटा उलट्या दिशेने फिरत होता. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसीच्या आत इंजिन असलेल्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. मग डिकी कापलेल्या सेडान निघाल्या: २००८ ला टाटांची इंडिगो सीएस, २०१२ ला आखूड झालेली डिझायर. या वर्गात इंजिन मोठं करायची सोयच उरली नाही. २०२० मध्ये बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष आल्यावर डिझेल सेडानही झपाट्याने कमी झाल्या. तोपर्यंत खालच्या फेऱ्यांचा भरपूर टॉर्क हवा असणारे त्याच घेत होते. २०२४ ची डिझायर तर आधीच्या डिझायरपेक्षा कमी ताकदीची आहे: चार सिलिंडरचं ९० पीएसचं इंजिन जाऊन तीन सिलिंडरचं ८२ पीएसचं आलं. त्याबदल्यात मॅन्युअलचं ॲव्हरेज, कंपनीच्या आकड्यानुसार, लिटरला २४.७९ किलोमीटर.