एन्चांटेड बुक (माइनक्राफ्ट)

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममध्ये हत्यार, अवजार किंवा चिलखत यांवर चढवायचा मंत्र साठवून ठेवणारे पुस्तक. डिसेंबर 2012 च्या 1.4.6 आवृत्तीत ते आले. तोवर मंत्र थेट वस्तूवरच उतरे. पुस्तकामुळे तो सुटा जपता आणि विकता येऊ लागला, म्हणून मल्टीप्लेअर सर्व्हरच्या बाजारात त्याला मोल आहे.

कोऱ्या पुस्तकाला 3 कागद व 1 चामडे लागते. 3 उसांचे 3 कागद होतात. मंतरण्याच्या टेबलाला 1 पुस्तक, 2 हिरे आणि 4 ऑब्सिडियन (काळे कठीण दगड). टेबलातून लेव्हल 30 चे, म्हणजे सर्वांत वरचे मंत्र हवे असतील तर भोवती पुस्तकांची 15 कपाटे हवीत, प्रत्येकाला 6 फळ्या व 3 पुस्तके. एकूण 46 पुस्तके, म्हणजे 138 ऊस आणि 46 चामडी. ऊस पाण्याकाठी आपोआप वाढतो, पण एका गायीकडून चामडी 0 ते 2 च मिळतात. तेव्हा आधी गोठा, मग ग्रंथालय. कपाट व टेबल यांत एका ठोकळ्याची जागा मोकळी ठेवावी. तिथे भरीव ठोकळा आला की ते कपाट हिशेबात धरले जात नाही. मंतरताना खेळाडूच्या अनुभवाच्या 30 लेव्हल हाताशी असाव्या लागतात, खर्च मात्र 3 लेव्हल व 3 लाजवर्द एवढाच होतो.

पुस्तकातला मंत्र वस्तूवर चढतो तो ऐरणीवर, आणि या रचनेचे खरे मर्म तिथेच आहे. ऐरणीवरच्या प्रत्येक कामागणिक वस्तूचा दंड 1, 3, 7, 15, 31 असा वाढतो आणि तो पुढच्या कामाच्या खर्चात मिळवला जातो. खर्च 40 लेव्हलला पोचला की सर्व्हायव्हलमध्ये (खेळाच्या नेहमीच्या, सारे स्वतः मिळवायच्या प्रकारात) काम नाकारले जाते. चार पुस्तके एकेक करून तलवारीवर चढवली तर तिचा दंड 15 होतो; आधी दोन-दोन जोडून, मग त्या दोहोंचे एक करून चढवली तर 7 च. हा क्रम चुकला की तलवार वाया जाऊ शकते. सहाण सगळा दंड पुसते, पण शापांखेरीज (शाप म्हणजे अपाय करणारे मंत्र) सारे मंत्रही पुसते.

खेळाडूने लिहून सही केलेल्या पुस्तकाची नक्कल करता येते (नकलेच्या नकलेची मात्र नाही). मंतरलेल्या पुस्तकाची नक्कल होतच नाही. वाचायचे ज्ञान पसरावे आणि ताकद मात्र ज्याची त्याने मिळवावी, हा भेद योग्यच आहे.

त्याला तडा जातो ग्रंथपाल गावकऱ्यामुळे, म्हणजे पुस्तकांचा सौदा करणाऱ्या खेळातल्या पात्रामुळे. सौदा होण्याआधी त्याचे लेक्टर्न (पुस्तक ठेवायचे मेज) फोडून पुन्हा मांडले की त्याचा माल बदलतो. त्यामुळे टेबलावर कधीच न मिळणारे मेंडिंग (अनुभव मिळेल तशी वस्तू दुरुस्त करणारा मंत्र) 10 ते 38 पाचू व एका कोऱ्या पुस्तकात हाती येते, आणि सर्व्हरवर एकाने असा ग्रंथपाल राखला की इतरांच्या पुस्तकांना गिऱ्हाईक उरत नाही. 2023 मध्ये प्रयोग म्हणून आलेल्या पर्यायात ग्रंथपालाचा माल त्याच्या प्रदेशावर ठरतो. मेंडिंग विकतो तो दलदलीतला, मास्टर या सौद्यांच्या सर्वांत वरच्या पातळीला पोचलेला ग्रंथपाल. दलदलीत गाव आपोआप उगवत नाही, त्यामुळे गावकरी तिथे नेऊन त्यांची पुढची पिढी तिथेच जन्मू द्यावी लागते.