बायहाओ यिनझेन

चीनच्या फूज्येन प्रांतातील पांढऱ्या चहाचा सर्वांत उंची प्रकार. फूदिंग व जंगह ही त्याची प्रमुख क्षेत्रे. कॅमेलिया सायनेन्सिस या चहाच्या झुडपाच्या जातीतील ‘दा-बाय’ वाणांच्या केवळ न उमललेल्या कळ्या यासाठी वापरतात. कळीवर दाट रुपेरी लव असते. खुडणी वसंताच्या आरंभी काही आठवडेच चालत असल्याने उत्पादन मर्यादित राहते.

उगमाविषयी मतभेद आहेत. लू यू याच्या आठव्या शतकातील चहाविषयक ग्रंथात युंगज्या (सध्याच्या जज्यांग प्रांतात) या ठिकाणाच्या पूर्वेस ३०० ली (एक ली म्हणजे सु. अर्धा किमी.) अंतरावर ‘पांढऱ्या चहाचा डोंगर’ असल्याचे अवतरण आहे. पूर्वेस समुद्र लागतो, म्हणून मूळ शब्द ‘दक्षिणेस’ असावा व डोंगर फूदिंगचा असावा, असे चिनी चहातज्ज्ञ चन च्वान यांचे मत. मात्र त्यासाठी मूळ पाठच बदलावा लागतो. सुंग घराण्यातील सम्राट ह्वेइत्सुंग याने ११०७ च्या सुमारास पांढऱ्या चहाची थोरवी गायिली. पण तो चहा म्हणजे फिक्या पानांचा दुर्मिळ वाण असून वाफवून, दाबून त्याच्या वड्या करीत. आजचा आन्जी ‘पांढरा’ चहाही असाच पानांच्या रंगामुळे पांढरा म्हणवतो. प्रक्रियेने तो हिरवा चहाच होय. प्रक्रिया हा निकष धरल्यास, उन्हात वाळविलेल्या कळ्यांना श्रेष्ठ मानणारा मिंगकालीन उल्लेख (१५५४) अधिक जवळचा ठरतो. सांप्रतचा प्रकार १७९६ च्या सुमारास स्थानिक लहान कळीच्या झुडपांपासून सुरू झाला असे सामान्यतः मानतात. दा-बाय वाणांचा वापर फूदिंगमध्ये सु. १८८५ व जंगहमध्ये सु. १८८९ पासून दिसतो.

कळ्या कढईत भाजत नाहीत की वळत नाहीत. त्यांतील विकरे (एन्झाइमे) उष्णतेने लगेच निष्क्रिय केली जात नसल्याने सुकताना अल्प ऑक्सिडीकरण होते. फूदिंगमध्ये बांबूच्या उथळ तबकांवर त्या उन्हात सुकवून मंद आचेवर कोरड्या करतात. जंगहमध्ये हवेशीर सावलीत अधिक वेळ ठेवण्याची रीत असून तेथील चहा चवीला भरदार मानला जातो. पावसाळी हवेत सुकवण काळवंडते.

झाकणाच्या पेल्यात १०० मिलि. पाण्यास ४ ते ५ ग्रॅ. कळ्या घेतात. ८०° ते ८५° से. तापमान सुचविले जाते. परंतु अखंड कळीतून अर्क सावकाश उतरतो, त्यामुळे याहून गरम पाणी घेणारेही पुष्कळ आहेत, व ते सयुक्तिक वाटते. अर्क फिका पिवळा उतरतो. त्याच कळ्यांवर अनेकदा पाणी ओततात.

फूदिंगच्या पांढऱ्या चहाचे तंत्र २०११ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारसा सूचीत आले. २०२२ मध्ये युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहानिर्मितीची नोंद केली.