सागाचं पान उपग्रहातून मोजताना

नागपूरभोवतीचं जंगल शुष्क पानझडीचं आहे. साग, ऐन, धावडा, लेंडिया, मोह, तेंदू ही त्यातली मुख्य झाडं. पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या सागवनाचं ऑक्टोबरमधलं उपग्रहचित्र गच्च हिरवं असतं, आणि मार्चमधल्या चित्रात त्याच जागी पाचोळा आणि माती दिसते. त्यामुळे इथल्या पानांचे गुणधर्म वरून मोजताना उपग्रह कुठला यापेक्षा चित्राची तारीख कुठली, हे आधी ठरवावं लागतं.

मोजायच्या गोष्टी प्रामुख्याने चार: हरितद्रव्य, पाणी, नत्र आणि एक चौरस मीटर पानाचं कोरडं वजन. या शेवटच्या आकड्यावरून झाडाचा स्वभाव कळतो. जड, जाड पानाला कार्बन जास्त लागतो, पण ते टिकतं. हलकं पान लवकर तयार होतं आणि लवकर गळतं.

हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषतं. ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या आतल्या हवेच्या पोकळ्यांमुळे मोठ्या प्रमाणात परत फिरतो. त्यामुळे ६८० ते ७५० नॅनोमीटरच्या दरम्यान परावर्तनाची रेषा एकदम वर चढते. या चढाला ‘रेड एज’ म्हणतात. हरितद्रव्य वाढलं की हा चढ लांब तरंगलांबीकडे सरकतो. पाणी १४५० आणि १९४० नॅनोमीटरला जोरदार शोषण करतं, पण तिथेच हवेतली वाफही प्रकाश गिळते. म्हणून उपग्रहातून पाण्याचा अंदाज १६१० आणि २१९० च्या आसपासच्या बँडवरून, म्हणजे उपग्रह वेगळा मोजतो त्या तरंगलांबीच्या पट्ट्यांवरून, घेतात. नत्राचं काम सर्वांत अवघड. प्रथिनांच्या खुणा १५१० आणि २१८० जवळ असतात, पण ओल्या पानात पाण्यापुढे त्या फिक्या पडतात. म्हणून बहुतेकदा नत्र हरितद्रव्यावरून काढलं जातं, आणि पानं पिवळी पडू लागली की हे नातं विश्वासाचं राहत नाही.

मोफत मिळणाऱ्या चित्रांत युरोपचा सेंटिनेल-२ सर्वांत सोयीचा. त्याला १३ बँड आहेत आणि उपग्रहांची जोडी मिळून दर ५ दिवसांनी त्याच जागेवर येते. नेहमीचा एनडीव्हीआय (लाल आणि अवरक्त परावर्तनावरून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक) इथे अपुरा पडतो, कारण दाट जंगलात तो वरच्या टोकाला जाऊन अडकतो आणि बऱ्या व उत्तम पानांत फरकच दाखवत नाही. त्याऐवजी सातवा बँड भागिले पाचवा बँड, वजा १, हा निर्देशांक घ्यावा. त्यांचं परावर्तन अनुक्रमे ०.३२ आणि ०.१० असेल, तर उत्तर २.२. हे दोन्ही बँड २० मीटरचे आहेत.

पण २.२ हा एका पानाचा आकडा नाही. हरितद्रव्य आणि पानांचे थर यांचा तो एकत्रित परिणाम आहे. फिकी पण भरपूर पानं आणि गडद पण विरळ पानं जवळजवळ सारखाच आकडा देऊ शकतात. तो सोडवण्यासाठी जमिनीवरच्या एक चौरस मीटरवर किती चौरस मीटर पानं आहेत, हे वेगळं मोजावं लागतं. त्या मोजमापातली चूक थेट उत्तरात उतरते.

खरी मेहनत जमिनीवरच असते. नमुना माथ्यावरच्या, उन्हातल्या पानांचाच हवा, कारण उपग्रहाला मुख्यतः तीच दिसतात. हाताला लागणारी सावलीतली पानं त्याच झाडाची असली तरी हलकी असतात. फांदी लांब दांड्याच्या कटरने काढावी. पानं ओलसर कागदात गुंडाळून बंद पिशवीत, बर्फाच्या पेटीत ठेवावीत आणि ओलं वजन त्याच दिवशी करावं. सागाचं पान ए-फोर स्कॅनरवर मावत नाही, म्हणून तुकडे करून स्कॅन करावं लागतं. देठ आणि जाड मधली शीर धरायची की नाही, हे सुरुवातीला ठरवून शेवटपर्यंत तेच पाळावं, नाहीतर दोन गटांचे आकडे जुळत नाहीत. मग ओव्हनमध्ये ७० अंश सेल्सिअसला ७२ तास. बाहेर काढलेलं पान पावसाळी हवेत लगेच ओल धरतं, म्हणून ते सिलिका जेलच्या बंद भांड्यात गार करूनच तोलावं. २०० चौरस सेंटिमीटरच्या तुकड्याचं कोरडं वजन १.८ ग्रॅम भरलं, तर एका चौरस मीटरला ९० ग्रॅम.

नमुन्यासाठी निवडलेला जंगलाचा तुकडा निदान ६० गुणिले ६० मीटर आणि आतून एकसारखा असावा. दाट झाडांखाली जीपीएस काही मीटर चुकतो आणि २० मीटरचा पिक्सेल सहज शेजारी सरकतो. प्रत्येक जातीने माथ्याचा जितका भाग व्यापला असेल, त्या प्रमाणात सरासरी काढावी.

विदर्भात फसवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे स्वच्छ चित्र मिळणं कठीण. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागावर पानांची जाळी करणारी अळी पडते. ती शिरा सोडून मधला हिरवा भाग खाते, आणि उपग्रहावरून ते पाण्याच्या ताणासारखं दिसतं. तारीख आणि अळीची नोंद एकत्र ठेवली नाही, तर हा घोळ नंतर कितीही गणित केलं तरी सुटत नाही. पानगळ सुरू झाली की खालची रायमुनिया (घाणेरी) आणि गवत डोकावतं, आणि त्यांचा हिरवा रंग सागाच्या खात्यावर जमा होतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाला तांबूस पालवी फुटते. तिच्यातलं लाल रंगद्रव्य हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून हिरव्या बँडवर बेतलेले निर्देशांक तेव्हा बाजूला ठेवावेत. सागाच्या पूर्ण वाढलेल्या पानांसाठी पाऊस ओसरल्यापासून पानगळ सुरू होईपर्यंतचाच काळ धरावा, आणि नमुने व चित्र यांत शक्यतो आठवड्यापेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये.

शेकडो अरुंद बँड देणारे प्रिस्मा (२०१९) आणि एनमॅप (२०२२) हे उपग्रह कोरड्या वजनासाठी जास्त उपयोगी आहेत, पण त्यांचा पिक्सेल ३० मीटरचा आहे.

उपग्रहाच्या आकड्यावरून पानाचा गुणधर्म काढणारं सूत्र काही तुकड्यांवर बसवतात आणि उरलेल्यांवर तपासतात. तपासताना शेजारशेजारचे तुकडे या दोन गटांत विभागू नयेत. ते मुळातच सारखे असतात, त्यामुळे अचूकता खोटी वाढते. पेंचवर बसवलेलं सूत्र उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात, तिथल्या पानांवर तपासावं. तिथे चूक बरीच वाढली, तर सूत्र पानांऐवजी पेंचची माती आणि झाडांची मिसळण शिकलं आहे असं समजून नवे तुकडे निवडावेत.