जहाजावरच्या प्रशिक्षणाची आखणी : पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या सागरी प्रशिक्षणाच्या क्षेत्रात 'इन्स्ट्रक्शनल डिझायनर', म्हणजे शिकवण्याची आखणी करणारा, हे पद आता रुळलं आहे. दापोली, गुहागर, श्रीवर्धन, राजापूर या पट्ट्यातली घरटी मंडळी बोटीवर असतात. त्यांतले काही जण किनाऱ्यावरच्या नोकरीकडे वळताना या कामाची चौकशी करतात. जाहिरातींत सॉफ्टवेअरची नावं ठळक असल्यामुळे हे काम म्हणजे स्लाइड सजवणं, असा समज पसरला आहे. हा समज नुकसानकारक आहे.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. मचव्यावर किंवा गलबतावर पोर चढायचं आणि तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या म्होरक्याच्या, नजरेखाली शिडाची दोरी हातात घेऊन शिकायचं. अधिकाऱ्यांसाठी मुंबईत 1927 साली प्रशिक्षण जहाज आलं. साधा खलाशी मात्र त्यानंतरही बराच काळ कामावरच शिकत राहिला. तिकडे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला लाखो नवख्यांना अल्पावधीत यंत्रं हाताळायला शिकवायचं होतं. शिकवण्याची आखणी हा स्वतंत्र उद्योग तिथे आकाराला आला. शिकणारा नेमकं काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत आणि किती चांगलं, हे आधी लिहून काढावं, ही शिस्त 1962 पासून चांगलीच रुजली. 1975 मध्ये त्याच सैन्यासाठी विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि नियंत्रण असे टप्पे ठरले. शेवटच्या टप्प्याला पुढे मूल्यमापन म्हणू लागले.

दर्यावरचं शिक्षण या शिस्तीपर्यंत पोचायला आणखी वीस वर्षं गेली. नाविकांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार, ज्याला सगळे एसटीसीडब्ल्यू म्हणतात, 1978 साली झाला आणि 1984 मध्ये लागू झाला. त्यात काय माहीत हवं याच्या याद्या होत्या, पण कितपत यायला हवं याचं उत्तर अनेक ठिकाणी 'प्रशासनाचं समाधान होईल इतपत' एवढंच होतं. प्रत्येक देशाचं समाधान वेगळं. प्रमाणपत्र तेच, पण त्यामागची तयारी कुठे महिन्यांची तर कुठे नावापुरती.

1995 साली हा करार जवळजवळ नव्याने लिहिला गेला. तेव्हा आलेले चार रकान्यांचे तक्ते हीच या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, असं माझं मत आहे. पहिल्या रकान्यात काय करता यावं, दुसऱ्यात त्यासाठी लागणारं ज्ञान आणि सराव, तिसऱ्यात ते कसं सिद्ध करायचं, चौथ्यात ते जमलं हे कशावरून ठरवायचं. डिझायनरच्या कामाचा सांगाडा इतक्या स्वच्छ रूपात क्वचितच पाहायला मिळतो.

उदाहरण घ्या. जीव वाचवण्याच्या प्राथमिक कोर्समध्ये लाइफ जॅकेट घालून उलटी पडलेली लाइफ राफ्ट, म्हणजे फुगवलेला जीवरक्षक तराफा, सरळ करून दाखवावी लागते. राफ्टचा गॅस सिलिंडर असलेली बाजू वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणायची, त्या बाजूवर पाय रोवून उभं राहायचं, तळाचा पट्टा धरून सगळं वजन मागे टाकायचं. वारा राफ्टखाली शिरतो आणि ती पलटून सरळ होते, बऱ्याचदा आपल्याच अंगावर. मग पाठीवर पोहत खालून बाहेर यायचं. आता 'कोणत्या बाजूला उभं राहाल?' असा चार पर्यायांचा प्रश्न घातला तर दुसरा रकाना जेमतेम तपासला जातो, तिसरा मुळीच नाही. हा फरक ओळखता येणं हे डिझायनरचं पहिलं कौशल्य. व्हिडिओ कापता येणं त्याच्या बरंच नंतर येतं.

या तक्त्यांना विरोधही झाला. जुन्या कप्तानांचं म्हणणं असं की कामाचे तुकडे पाडून खुणा करत गेलं की अंगात मुरलेलं शहाणपण निसटतं. बिघडत्या हवेत वेग कधी उतरवायचा हे दर्यावर काढलेल्या दिवसांनीच कळतं. या आक्षेपात तथ्य आहे, आणि जहाजावरच्या सेवाकाळाची अट करारात तशीही कायम राहिली. पण जुन्या मोघमपणाची किंमत कोण मोजत होतं, तेही पाहायला हवं. ती कप्तानापेक्षा नव्याने चढलेला खलाशी जास्त मोजत होता. खरं दुखणं अंमलबजावणीत आहे: अनेक वर्गांत अजूनही तास भरले की शिकवणं झालं असं धरलं जातं.

2010 मध्ये मनिलात ठरलेल्या दुरुस्त्या 2012 पासून लागू झाल्या. दर पाच वर्षांनी जीवरक्षणाची क्षमता टिकून असल्याचा पुरावा देण्याची अट आली, आणि ई-लर्निंगविषयी मार्गदर्शनही कराराच्या चौकटीत आलं. बोटीवरचे सराव काही बाबतींत चालतात; उंचावरून उडी मारणं, पोहणं, राफ्ट सरळ करणं हे मात्र किनाऱ्यावरच्या पूलमध्येच करून दाखवावं लागतं. कुठला भाग पडद्यावर जाऊ शकतो आणि कुठला पाण्यातच हवा, याची रेषा करारानेच आखून दिली होती. 2020 च्या टाळेबंदीत वर्ग झपाट्याने ऑनलाइन गेले, तेव्हा ती रेषा वाचता येणाऱ्या माणसांची गरज एकाएकी वाढली.

हे सगळं व्यापारी जहाजांपुरतं. मासेमारी नौकांना एसटीसीडब्ल्यू लागू नाही, आणि कोकणातला सर्वांत मोठा कच्चा दुवा तिथेच आहे. रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने काम करतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, नौका किनाऱ्यावर, म्हणजे प्रशिक्षणाला मोकळा वेळ, असं वरवर वाटतं. पण त्याच दिवसांत हे खलाशी गावी गेलेले असतात. वर्गात येतो तो मालक, आणि भित्तिपत्रक छापलेलं असतं मराठीत. इथे चुकतो तो विश्लेषणाचा टप्पा. डिझायनरने ऑगस्टच्या सुरुवातीला रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर उभं राहून नौकेवर कोण चढतंय, आपसात कोणती भाषा बोलतंय आणि लाइफ जॅकेट हाताशी आहे की जाळ्याखाली दाबलेलं, एवढं टिपून आणलं, तर पहिला रकाना भरायला सुरुवात करता येईल.