मेल सर्व्हरवरील खात्यांसाठी डेटाबेसची निवड

मेल सर्व्हरवर खाती कोणाकोणाची आहेत, त्यांचे पासवर्ड काय, मेलबॉक्स डिस्कवर कुठे आहे आणि कोणत्या पत्त्यावर आलेली मेल कोणाकडे वळवायची, ही माहिती कशात ठेवायची याचा निर्णय. साधी मजकूर फाईल, एसक्यूलाइट (एकाच फाईलीत राहणारा डेटाबेस), वेगळी सेवा म्हणून चालणारे मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी आणि पोस्टग्रेएसक्यूएल, आणि एलडॅप (संस्थेतल्या माणसांची खाती एका ठिकाणी ठेवणारी निर्देशिका) हे नेहमीचे पर्याय आहेत. मेलचा मजकूर आणि जोडपत्रे सहसा या डेटाबेसमध्ये नसतात, ती फाईलींच्या रूपात वेगळी राहतात. त्यामुळे काही हजार खात्यांचा डेटाबेससुद्धा थोडक्या एमबीत मावतो. कोणता डेटाबेस जास्त वेगवान, या प्रश्नावर निवड करताना जो वेळ जातो तो बहुतेक वाया जातो. डेटाबेस बंद पडला तर काय होईल आणि तो उद्या कोण सांभाळणार, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

पूर्वी युनिक्स यंत्रावर ज्याला मेल हवी त्याला त्या यंत्रावरच खाते उघडून दिले जाई. विट्सा व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला पोस्टफिक्स, म्हणजे मेल घेणारा आणि पाठवणारा प्रोग्राम, १९९८ मध्ये आला आणि टिमो सिरायनेन यांचा डोव्हकॉट, म्हणजे लॉगिन तपासून मेलबॉक्स उघडून देणारा प्रोग्राम, २००२ मध्ये. आज लिनक्सवर ही जोडी सर्रास वापरतात. यात मेलची खाती यंत्राच्या खात्यांपासून वेगळी ठेवता येतात. सगळे मेलबॉक्स एकाच सिस्टीम खात्याच्या मालकीचे राहतात आणि माणसांची यादी टेबलात जाते.

साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. सांगली आणि सातारा जिल्ह्यांत सहकारी कारखाने, पतसंस्था, दूध संघ आणि शिक्षणसंस्थांचे दाट जाळे आहे. अशा ठिकाणी पत्ता माणसाचा कमी आणि पदाचा जास्त असतो. शेती अधिकारी बदलले, तरी शेती विभागाचा पत्ता तोच राहतो. गाळप हंगामापुरती घेतलेली माणसे हंगाम संपताच खाती सोडतात. मग टेबल किमान तीन लागतात: डोमेनचे, मेलबॉक्सचे आणि वळवणीच्या पत्त्यांचे, म्हणजे एलियासचे. मेलबॉक्सच्या टेबलात ‘चालू’ नावाचा रकाना ठेवला, तर हंगाम संपल्यावर खाते पुसावे लागत नाही. तिथे एकऐवजी शून्य लिहिले की लॉगिन बंद होते, जुनी मेल मात्र शाबूत राहते. अर्थात क्वेरीत, म्हणजे टेबलाला विचारायच्या प्रश्नात, त्या रकान्याची अट घातलेली असली पाहिजे, आणि ती पोस्टफिक्स व डोव्हकॉट अशा दोन्हीकडे.

बाहेरून मेल येते तेव्हा पाठवणारा सर्व्हर आधी ज्याला मेल द्यायची त्याचा पत्ता सांगतो आणि पोस्टफिक्स तो पत्ता टेबलात शोधतो. डेटाबेस बंद असेल तर पोस्टफिक्स ४५१ हा तात्पुरत्या अडचणीचा कोड देतो. पाठवणारा मेल आपल्या रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स स्वतः पाठवणारा असेल, तर नेहमीच्या मांडणीत पाच दिवस तो हे करत राहतो. म्हणजे रात्रभर डेटाबेस बंद राहिला तरी मेल हरवत नाही, उशिरा येते. पण डेटाबेस चालू आहे आणि टेबल रिकामे आहे, अशी स्थिती आली तर पोस्टफिक्सला ‘असा पत्ताच नाही’ एवढेच दिसते. तो ५५० हा कायमचा नकार देतो आणि मेल पाठवणाऱ्याकडे परत जाते. मेलिंग लिस्ट आणि बँकांच्या यंत्रणा असा पत्ता स्वतःच्या यादीतूनही काढून टाकू शकतात. म्हणून अर्धवट रिस्टोअर केलेला, म्हणजे बॅकअपमधून अर्धाच परत आणलेला, डेटाबेस हा बंद डेटाबेसपेक्षा कितीतरी घातक आहे. रिस्टोअर पुरा होऊन नोंदी मोजल्याशिवाय पोस्टफिक्स सुरू करू नये.

खाती पन्नासच्या आत असतील आणि बदल क्वचित होत असतील, तर मजकूर फाईल पुरते. तिला वेगळी सेवा लागत नाही, त्यामुळे बंद पडायलाही काही नसते. एसक्यूलाइट ही त्यापुढची पायरी. ती वाचायला अनेकांना एकदम देते, लिहायला एका वेळी एकालाच. मात्र तिची फाईल नेटवर्कवरच्या शेअरमध्ये ठेवू नये. एकाच यंत्रावर मेल चालवणाऱ्या पतसंस्थेला ती छान पुरते, आणि तिथे मारियाडीबी बसवण्याचा आग्रह धरू नये.

पासवर्ड माणसांनी वेबपानावरून बदलायचे असतील, खाती शेकड्यांनी असतील किंवा मेलची यंत्रे दोन असतील, तर मारियाडीबी किंवा पोस्टग्रेएसक्यूएल घ्यावा. या दोघांत ज्याचा बॅकअप आणि अपग्रेड कार्यालयातला माणूस आधीपासून करतो, तो निवडावा. एक फरक मात्र जाणून घ्यावा. मारियाडीबीच्या नेहमीच्या मांडणीत मोठी व लहान रोमन अक्षरे एकच धरली जातात, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये नाहीत. एकातून दुसऱ्यात जाताना मोठ्या अक्षरांत नोंदवलेला पत्ता अचानक सापडेनासा होतो. सगळे पत्ते लहान अक्षरांत करूनच टेबल हलवावे. मेल सर्व्हरला डेटाबेसमध्ये फक्त वाचण्याचा हक्क द्यावा, हेही दोन्हीकडे लागू.

एलडॅपचा उगम मिशिगन विद्यापीठातला, १९९३ चा. वाय-फाय, संगणक आणि मेल यांना एकच पासवर्ड हवा असेल, उदाहरणार्थ अभियांत्रिकी महाविद्यालयात, तर तोच योग्य. केवळ मेलसाठी त्याची रचना शिकणे ही जड जबाबदारी आहे, आणि ती शिकलेला एकटा माणूस नोकरी सोडून गेला की संस्था अडकते.

पासवर्ड मूळ रूपात कधीही ठेवू नयेत. बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ या पद्धतीने हॅश करून, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या रूपात, ठेवावेत. डोव्हकॉट हॅशच्या आधी त्याच्या प्रकाराचे नाव वाचतो, त्यामुळे जुने आणि नवे हॅश एकाच रकान्यात नांदतात. हॅश एसक्यूएलमधल्या फंक्शनने करू नये. मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीत ‘एन्क्रिप्ट’ हे फंक्शन काढून टाकले गेले आणि त्यावर विसंबलेल्या मांडण्या अपग्रेडनंतर कोलमडल्या.

कृष्णाकाठी जागेचाही विचार करावा लागतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पुराची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपुढे गेले. तळमजल्यावरच्या सर्व्हरची प्रतिकृती, म्हणजे रेप्लिका, मिरज किंवा पुण्यासारख्या दुसऱ्या ठिकाणी असावी. पोस्टफिक्सला दोन डेटाबेसचे पत्ते देता येतात. एक बंद असेल तर तो दुसऱ्याला विचारतो. पण रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी अट न घालता ‘डिलीट’ चालवले, तर पुण्यातले टेबलही काही क्षणांत रिकामे होते. रोजचा बॅकअप वेगळा घ्यावा, आणि तोही दुसऱ्या गावात.

नावे देवनागरीत ठेवायची तर मायएसक्यूएल-मारियाडीबीत ‘यूटीएफ८एमबी४’ हा अक्षरसंच निवडावा. देवनागरी अक्षर तीन बाइटांचे, जुन्या ‘यूटीएफ८’ मध्येही मावते, इमोजी मात्र मावत नाही. पोस्टफिक्स ३.० पासून, म्हणजे २०१५ पासून, देवनागरी पत्तेही चालतात. तिथे नुसते डोळ्यांना सारखे दिसणे पुरेसे नसते. ‘कऱ्हाड’ मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: ‘ऱ’ ला हलंत जोडून, किंवा साध्या ‘र’ ला हलंत जोडून पुढे अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही एकच, पण बाइट वेगळे आणि डेटाबेसला पत्ते दोन. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी टंकने एका रूपात आणण्याची रीत, हीही त्यांना एक करत नाही. असा पत्ता द्यायचा झाल्यास एक रूप मेलबॉक्सच्या टेबलात आणि दुसरे एलियासच्या टेबलात नोंदवावे.